नंबर उतरतो का?

आमच्या वाड्यात एक आजोबा होते. सत्तरी ओलांडल्यावर एका दिवाळीच्या तोंडावर त्यांनी नाकावरची चाळिशी काढून कोनाड्यात ठेवली आणि उघड्या डोळ्यांनी पंचांगातली बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. वाडा थक्क झाला. आजोबांचे नेम सगळ्यांना पाठ होते. पहाटे त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवायचे, दव पडलेल्या गवतावर अनवाणी चालायचं, जेवणानंतर आवळा तोंडात टाकायचा आणि झोपताना तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासून घ्यायचं. यातल्या नेमक्या कशाचा गुण आला यावर ओट्यावर आठवडाभर वाद झाला. शेवटी कुणीच जोखीम घेतली नाही. सगळ्यांनी सगळंच सुरू केलं.

आजोबांची चाळिशी खरोखरच सुटली होती. ती कशानं सुटली ते पुढे सांगतो. पण अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घरात असते, आणि ‘चष्म्याशिवाय नजर सुधारते’ या समजुतीचा पाया अशा गोष्टींवरच उभा आहे. त्यावर पुस्तकं निघाली, शिबिरं भरली आणि आता मोबाइलवर सात दिवसांत, एकवीस दिवसांत नंबर घालवून देणारे व्हिडिओ आहेत. ते सगळे खोटारडे आहेत असं म्हणून मोकळं होता येत नाही. काही उपायांनी डोळ्यांना खरंच बरं वाटतं, काही आजारांत डोळ्यांचे व्यायाम खरंच लागू पडतात, आणि एक नैसर्गिक उपाय तर हजारो मुलांवर तपासून सिद्ध झाला आहे. घोळ होतो तो कुठला उपाय कशावर आणि कोणत्या वयात, याची गल्लत केल्यामुळे.

नंबर म्हणजे काय?

डोळ्यात आलेला प्रकाश दोन ठिकाणी वळतो. जवळजवळ दोन तृतीयांश काम बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल करतं. उरलेलं काम आतलं भिंग करतं. दोघांनी मिळून प्रतिमा मागच्या दृष्टिपटलावर नेमकी पाडायची. जन्मतः डोळ्याची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठ्या माणसाची साधारण २४. वाढताना ही लांबी आणि वळवण्याची ताकद एकमेकांना धरून राहिली तर चष्मा लागत नाही. डोळा गरजेपेक्षा एक मिलिमीटर जास्त लांबला, तर अडीच-तीनचा मायनस नंबर येतो. ही निकटदृष्टिता. डोळा आखूड राहिला तर प्लस नंबर, म्हणजे दूरदृष्टिता. पारपटलाचा गोलावा सगळीकडे सारखा नसला तर सिलिंडरचा नंबर.

थोडक्यात, चष्म्याचा नंबर आणि चपलेचा नंबर एका जातीचे आहेत. दोन्ही मापं आहेत. पावलाला कितीही मालिश केलं, बोटांचे कितीही व्यायाम केले, तरी आठ नंबरची चप्पल सातवर येत नाही. पाय मात्र हलके वाटतात. डोळ्यांचंही असंच आहे.

चाळिशीची गोष्ट वेगळी. जवळचं पाहताना आतलं भिंग फुगीर होतं, लांबचं पाहताना चपटं. याला समायोजन म्हणतात. लहानपणी हे भिंग मऊ असतं. वयाबरोबर ते कडक होत जातं आणि चाळिशी-पंचेचाळिशीच्या आसपास सुईत दोरा ओवताना हात लांब जायला लागतो. मराठीनं या चष्म्याला वयाचंच नाव दिलं, हे निदान अगदी अचूक आहे. भिंगाचा आकार बदलणारा स्नायू थकलेला नसतो, त्याला ज्याला वाकवायचं आहे ते भिंगच वाकत नाही. म्हणून स्नायूंच्या व्यायामानं चाळिशी जाईल ही आशा मुळातच चुकीच्या जागी धरलेली आहे.

न्यूयॉर्कचे डॉक्टर बेट्स

तरीही ही आशा धरणाऱ्यांत एक नेत्रतज्ज्ञच सगळ्यांत पुढे होते. विल्यम होरेशियो बेट्स (१८६०–१९३१) न्यूयॉर्कला डोळ्यांचे डॉक्टर होते. १९२० साली त्यांनी चष्म्याशिवाय उत्तम दृष्टी मिळवण्याबद्दलचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं, की जवळचं-लांबचं पाहण्याचं काम भिंग करतच नाही. डोळ्याच्या गोळ्याबाहेरचे स्नायू तो गोळा दाबतात, लांबवतात आणि नजर जुळवतात. मनावर ताण आला की हे स्नायू आखडतात आणि नंबर येतो. ताण घालवला की नंबर जातो. त्यासाठी त्यांनी उपाय दिले: तळहातांनी बंद डोळे झाकणं, शरीर डोलवत पाहणं, नजर एका बिंदूवर न रोखता फिरती ठेवणं, आणि सूर्यप्रकाश डोळ्यांवर घेणं. आज योगवर्गात शेवटी ‘पामिंग करा’ असं सांगतात ना, तो शब्द बेट्स यांच्याकडून आलेला.

मांडणी ऐकायला गोड आहे, पण तिचं उत्तर बेट्स जन्मण्याच्या आधीच मिळालं होतं. १८०१ साली थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं स्वतःच्याच डोळ्यांवर प्रयोग केले. पाणी भरलेलं भिंग डोळ्याला चिकटवून त्यानं पारपटलाची ताकद नाहीशी केली, तरी जवळ-लांब पाहण्याची क्षमता शाबूत राहिली. म्हणजे पारपटल बदलत नव्हतं. मग डोळ्याच्या कडेनं मागे कडी दाबून धरून गोळा लांबतोय का हे पाहिलं. तोही लांबत नव्हता. उरलं भिंग. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी भिंगाचा आकार कसा बदलतो ते दाखवलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढलं की समायोजन जातं, हे तर आज कुठल्याही नेत्रविभागात रोज दिसतं. बाहेरचे स्नायू मात्र तेव्हाही जागेवरच असतात.

बेट्स यांना खरी प्रसिद्धी मिळवून दिली ती ऑल्डस हक्सली यांनी. १९११ साली, सोळाव्या वर्षी, हक्सली यांच्या पारपटलाला सूज आली आणि नजर जवळजवळ गेली. पुढे अमेरिकेत बेट्स यांच्या पद्धतीनं त्यांना फायदा झाल्यासारखा वाटला आणि १९४२ साली त्यांनी पाहण्याच्या कलेवर पुस्तकच लिहिलं. इतका मोठा लेखक, इतका प्रामाणिक माणूस, तो खोटं कशाला सांगेल? खोटं सांगतच नव्हते ते. पण १९५२ सालचा एक प्रसंग प्रकाशक बेनेट सर्फ यांनी लिहून ठेवला आहे. हॉलिवूडमधल्या एका मेजवानीत हक्सली चष्म्याशिवाय भाषण वाचत होते. कागदावरून नजर सहज फिरत होती. मधेच ते अडखळले. कागद जवळ, आणखी जवळ घेतला, आणि शेवटी खिशातून बहिर्गोल भिंग काढलं. भाषण त्यांना पाठ होतं. तो भाग आठवेना, एवढंच.

बेट्स यांची पद्धत भारतात रुजवली ती दिल्लीचे डॉ. आर. एस. अग्रवाल यांनी. पुढे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात त्यांनी उत्तम दृष्टीसाठी शाळा चालवली, मन आणि दृष्टी यांच्या नात्यावर पुस्तक लिहिलं. बेट्स यांच्या ‘ताण’ या कल्पनेला इथे योगाचा शेजार मिळाला आणि परदेशी पद्धत बघता बघता आपली परंपरा वाटू लागली.

त्राटक, त्रिफळा आणि काशाची वाटी

आपली परंपरा मग काय सांगते? हठयोगाच्या ग्रंथांत षट्कर्मांमध्ये त्राटक आहे. एका बारीक वस्तूकडे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत टक लावून पाहायचं. त्यानं नेत्ररोग जातात असंही तिथे म्हटलं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग मोजले आहेत आणि मोतीबिंदू बाजूला सारण्याची शस्त्रक्रियाही वर्णिली आहे. वाग्भटानं अभ्यंगाच्या फायद्यांत दृष्टीची प्रसन्नता सांगितली आणि तेल लावताना पायांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं. तळपाय आणि डोळे यांचं नातं जोडणारी आपली घरगुती समजूत त्याच वळणाची.

पण हे वाचताना एक गोष्ट विसरायची नाही. त्या काळी चष्मा नव्हता, नंबर नव्हता. डोळ्यांचे रोग म्हणजे पापण्यांच्या पुळ्या, चिपडं, लाली, पाणी गळणं, पडदे, अंधत्व. मायनस दोनचा नंबर शून्यावर आणण्याचं वचन वाग्भटानं कुणाला दिलेलं नाही. ते वचन आजच्या जाहिरातीनं त्याच्या नावावर घातलं आहे.

काशाच्या वाटीचंच पाहा. पूर्वी हे काम घरातली आजी किंवा सून करायची. गेल्या काही वर्षांत त्याची यंत्रं आली आहेत. खुर्चीत बसायचं, तळव्यांना तेल किंवा तूप लावायचं आणि पाय फिरत्या काशाच्या तबकड्यांवर ठेवायचे. दहा-पंधरा मिनिटांनी तळवे काळेकुळकुळीत होतात. चालवणारा म्हणतो, ‘बघा, किती उष्णता निघाली!’ तो काळेपणा घासल्या गेलेल्या काशाचा आणि त्यात मिसळलेल्या तेलातुपाचा असतो. तुमच्या अंगात उष्णता असो वा नसो, तो येणारच. पण तळव्यांना तेल चोळल्यावर झोप छान लागते आणि झोप झालेले डोळे सकाळी टवटवीत असतात. एवढ्यासाठी मी स्वतः त्या खुर्चीत बसलो आहे, पुन्हाही बसेन. नंबरासाठी बसणार नाही.

त्राटकानं मन एकाग्र होतं, आणि टक लावून पाहिल्यानं डोळ्यांतून पाणी वाहून गेलं की हलकं वाटतं. त्रिफळ्याच्या पाण्यानं गार वाटतं. पण घरात उकळून फडक्यातून गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, बाळाच्या डोळ्यात आईचं दूध, हे सगळं डोळ्यात घालणं म्हणजे पारपटलाला जंतुसंसर्गाचं आमंत्रण. पारंपरिक सुरम्यात तर बऱ्याचदा शिसं असतं. पोटात घ्यायचं ते घ्या, पण डोळ्याच्या आत स्वयंपाकघर नेऊ नका.

खाण्याचा विषय निघाला की गाजर येतंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जॉन कनिंगहॅम या वैमानिकाच्या रात्रीच्या अचूक नेमबाजीचं श्रेय गाजरांना दिलं. विमानात बसवलेलं रडार लपवायला ही हाकाटी सोयीची होती. यातला खरा भाग असा, की अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, लहान मुलांचे डोळे कायमचे जातात. म्हणून भारतात १९७० पासून मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस द्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाल भोपळा, पपई, आंबा, शेवग्याचा पाला यांचं मोल तिथे आहे. पण ज्याच्या शरीरात ते पुरेसं आहे त्यानं किलोभर गाजरं खाल्ली, तरी डोळ्याची लांबी मिलिमीटरभरही घटत नाही.

मग ‘माझा नंबर गेला’ म्हणणारे खोटं बोलतात का?

बहुतेक वेळा नाही. नंबर खरंच कमी होण्याचे आणि कमी झाल्यासारखा वाटण्याचे अनेक रस्ते आहेत, आणि ते माहीत असले की अर्ध्या चमत्कारांचा उलगडा होतो.

पहिला, खोटा मायनस. तासन्‌तास जवळ पाहून भिंगाचा स्नायू आखडतो आणि सैल होत नाही. तपासणीत मायनस नंबर निघतो. मुलांना बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून पुन्हा तपासलं की तो नंबर कमी होतो किंवा नाहीसाच होतो. अशा मुलानं महिनाभर डोळ्यांना विश्रांती दिली तर नंबर ‘जातो’, कारण तो नव्हताच. थेंब न घालता घाईनं चष्मा दिलेला असला, तर श्रेय व्यायामाला मिळतं.

दुसरा, लहान मुलांचा प्लस नंबर. तो डोळा वाढेल तसा बऱ्याचदा आपसूक उतरतो. तिसरा, साखर. मधुमेह बेताल असला तर भिंगातलं पाणी कमीजास्त होऊन नंबर हलतो. साखर ताळ्यावर आली की नंबरही बदलतो. पथ्य खरं असतं, फक्त त्याचा परिणाम मधुमेहावर झालेला असतो.

चौथा रस्ता मेंदूतून जातो. चष्मा काढून थोडा वेळ धुरकट पाहत राहिलं, की मेंदू त्या धुरकटपणाशी जुळवून घेतो. तक्त्यावरच्या एक-दोन ओळी जास्त वाचता येतात. यंत्रावर नंबर मात्र तोच असतो. त्यात तक्ता पाठ होणं, अंदाजानं ओळखणं आणि डोळे बारीक करणं यांची भर पडते.

डोळे बारीक करण्याची गंमत घरी करून पाहा. पोस्टकार्डाला सुईनं एक बारीक भोक पाडा, चष्मा काढा आणि त्या भोकातून पंचांग वाचा. अक्षरं एकदम स्वच्छ दिसतील. भोकातून फक्त मधले, सरळ येणारे किरण आत येतात, म्हणून नंबर कितीही असो, धुरकटपणा कमी होतो. बाजारात मिळणारे बारीक भोकांचे काळे चष्मे याच तत्त्वावर चालतात. घातले की फरक दिसतो, काढले की जैसे थे, आणि घातलेले असताना अंधार वाढतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या एका औषध कंपनीच्या थेंबांना चाळिशीसाठी परवानगी मिळाली तेव्हा ‘पंधरा मिनिटांत चष्मा सुटणार’ अशा बातम्या झळकल्या. थेंबातलं पायलोकार्पीन बाहुली बारीक करतं, म्हणजे पोस्टकार्डाचं भोकच ते. परिणाम काही तासांचा. पुढच्याच महिन्यात, प्रसिद्धीतले दावे परवानगीपलीकडे गेले म्हणून केंद्रीय औषध नियंत्रकांनी ती परवानगी स्थगित केली.

आणि आजोबा? त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. भिंगाचा गाभा दाट होऊ लागला की त्याची ताकद वाढते, डोळा मायनसकडे सरकतो आणि वाचायचा प्लस नंबर काही काळ भरून निघतो. जवळचं उघड्या डोळ्यांनी दिसू लागतं. दूरचं मात्र बिघडतं. आजोबा पंचांग वाचत होते, पण पुढच्या शिमग्यापर्यंत त्यांना दिंडीदरवाजातून कोण येतंय हे आवाजावरून ओळखावं लागत होतं. डॉक्टरांनी ते पाच मिनिटांत सांगितलं. वाड्यातला त्रिफळा त्यानंतरही बरेच दिवस चालू होता.

जिथे व्यायाम लागू पडतात

डोळ्यांचे व्यायाम सरसकट निरुपयोगी म्हणणं हाही अन्याय होईल. जवळचं वाचताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात. काही मुलांना ते नीट जमत नाही. ओळी हलतात, दोन-दोन दिसतात, डोकं दुखतं. नंबर शून्य, तरी अभ्यास नकोसा. यावर अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली आले. दवाखान्यात तज्ज्ञासमोर बारा आठवडे केलेल्या व्यायामानं ७३ टक्के मुलांना गुण आला. घरी पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं, म्हणजे लुटुपुटूच्या उपचाराहून फारसं जास्त नाही. व्यायाम कामाचा ठरला, पण तपासून, ठरवून आणि कुणाच्या तरी नजरेखाली केलेला.

आळशी डोळ्याचंही तसंच. एका डोळ्याचा नंबर जास्त असला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावतात. जितक्या लहानपणी, तितका फायदा. पण यातली पहिली पायरी योग्य नंबरचा चष्मा हीच असते.

पडद्यासमोर बसणाऱ्यांची तक्रार आणखी वेगळी. एकटक पाहताना पापण्या लवणं फार कमी होतं, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा, मुद्दाम पापण्या मिटा, पंखा तोंडावर घेऊ नका. यानं आराम पडतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांनी हा थकवा कमी होतो असं २०२३ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं नाही.

दोन प्रयोग, एकाच देशात

डोळ्यांच्या व्यायामानं मायनस नंबर रोखता येतो का, याचा जगातला सगळ्यांत मोठा प्रयोग चीननं केला. १९६३ पासून तिथल्या शाळांत मुलं रोज वर्गात बसून डोळ्यांभोवतीचे बिंदू चोळतात. संगीत लावून, मोजून, कित्येक पिढ्या. २०१८ च्या सरकारी पाहणीत तिथल्या ५३.६ टक्के मुलांना आणि तरुणांना मायनस नंबर निघाला.

दुसरा प्रयोगही चीनमधलाच, पण लहानसा. ग्वांगझू शहरातल्या बारा शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांच्या वेळापत्रकात रोज चाळीस मिनिटांचा एक तास वाढवला. त्या तासाला मुलांनी उघड्यावर जायचं, बस. उरलेल्या शाळा नेहमीसारख्या. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्यानं मायनस नंबर लागला होता, बाहेर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तैवाननं २०१० पासून मुलांनी रोज १२० मिनिटं उघड्यावर घालवावीत अशी मोहीम शाळाशाळांत राबवली. तिथल्या प्राथमिक शाळांत कमी दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण वर्षानुवर्षं चढत २०११ मध्ये ५० टक्क्यांवर गेलं होतं, ते २०१५ पर्यंत ४६.१ वर उतरलं. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना मायनस नंबर आढळला, आणि दिवसाला दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत तो कमी होता.

कारण खेळ की प्रकाश? बहुतेक पुरावा प्रकाशाकडे बोट दाखवतो. वर्गात तीनशे-पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही हजारोंनी. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. सूर्याकडे बघायची गरज नाही. उलट सूर्याकडे टक लावली तर दृष्टिपटल भाजतं आणि ती इजा कायमची राहू शकते. टोपी घालून मैदानात धावलं तरी पुरतं.

यातली मेख मात्र समजून घ्यायला हवी. हा उपाय नंबर लागण्याआधीचा आहे. नंबर लागलेल्या मुलांत त्याचा फायदा तितका स्पष्ट दिसत नाही, आणि वीस वर्षांच्या तरुणाचा लांबलेला डोळा उन्हात बसून आखूड होत नाही. निसर्गाकडे एक उपाय आहे, पण तो सहा वर्षांच्या मुलासाठी आहे. आपण तो मागायला जातो अठराव्या वर्षी, भरतीचा अर्ज भरताना, नाहीतर स्थळं पाहायला लागल्यावर.

चष्म्यावरचा राग

कारण खरा प्रश्न बऱ्याचदा नजरेचा नसतोच, चष्म्याचा असतो. ‘इतक्या लहान वयात चष्मा?’, ‘मुलीला चष्मा आहे हो, पण बारीक आहे’, ‘एकदा लावला की नंबर वाढतच जातो’. शेवटचं वाक्य तर जवळपास सर्वमान्य आहे. मलेशियात ९४ मुलांवर ते तपासलं गेलं. काहींना पूर्ण नंबरचा चष्मा दिला, काहींना मुद्दाम थोडा कमी. २००२ साली आलेल्या निष्कर्षांप्रमाणे दोन वर्षांत कमी नंबरवाल्यांचाच नंबर जास्त वाढला होता. वाढत्या वयात डोळा वाढतो म्हणून नंबर वाढतो. चष्मा तिथे फक्त हजर असतो, आणि जो हजर असतो त्याच्यावर आळ येतो.

चष्म्याची किंमत कळायला आसामच्या चहाच्या मळ्यात जावं लागतं. तिथे चाळिशी पार केलेल्या ७५१ पानं खुडणाऱ्या कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना साधा वाचायचा चष्मा दिला. त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढलं, पन्नाशीपुढच्यांचं तर त्याहून जास्त. कोवळं पान आणि निबर पान यांतला फरक त्यांना पुन्हा दिसू लागला होता. आपल्याकडे शिवणकाम करणारी मावशी, तांदूळ निवडणारी आजी, घड्याळ दुरुस्त करणारा काका यांचं काम चाळिशीनंतर मंदावतं ते याच कारणानं.

शिवाय चष्म्याच्या निमित्तानं डोळे तपासले जातात, हा फायदा कुणी धरत नाही. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, बरीच नजर जाईपर्यंत कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. योगाबद्दलही इथे नेमकं बोलायला हवं. दिल्लीच्या एम्समध्ये काचबिंदूच्या रुग्णांनी औषधांच्या जोडीला ध्यान केलं तेव्हा डोळ्यातला दाब उतरला, असं २०१८ साली प्रसिद्ध झालं. चेन्नईच्या एका अभ्यासात, २००६ साली, शीर्षासनात हाच दाब जवळपास दुप्पट झालेला दिसला. दोन्ही योगच. म्हणून ‘योगानं डोळे सुधारतात का’ असं विचारण्यापेक्षा कुठल्या डोळ्यांना कुठला योग, हे डॉक्टरांना विचारावं.

आढाव्याचा हिशेब मग असा लागतो. नंबर उतरवणारा व्यायाम, पाला, तूप, वाटी अजून सापडलेली नाही. डोळ्यांना आराम देणारे उपाय पुष्कळ आहेत, ते खुशाल करावेत, फक्त तपासणी टाळण्यासाठी करू नयेत. काही ठरावीक दोषांवर व्यायाम खरंच चालतात. आणि नंबर लागायच्या आधी, लहानपणी, दिवसाचा उजेड चालतो.

ग्वांगझूच्या मुलांना दिलेलं औषध चाळीस मिनिटांचं होतं. आपल्या शाळांतला एक तासही जवळपास तेवढाच असतो. वेळापत्रकात तो आहेच, शारीरिक शिक्षण या नावानं. सहामाही जवळ आली, की गणिताच्या बाई वर्गाच्या दारात उभ्या राहतात आणि म्हणतात, ‘आज खेळाचा तास मी घेतेय, धडा राहिलाय.’ मुलं हिरमुसून वह्या काढतात, आणि मागच्या बाकावरचं एखादं फळ्याकडे बघताना डोळे बारीक करतं.